ई भिंतीत राहते

कानाच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हा गर्व नाही, धंदाच आहे माझा. मी लोकांचे कान तपासतो आणि ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना यंत्र बसवून देतो. आजोबांना नातवाचा आवाज, आजींना दाराची बेल आणि नवऱ्यांना बायकोचं म्हणणं. हे शेवटचं कुणी मागत नाही, पण यंत्राबरोबर ते येतंच!

असा मी, आणि माझी सख्खी मुलगी शाळेतल्या मुलांची नावं चुकीची ऐकून घरी येते! आम्ही नुकतेच नव्या गावी आलो होतो. नवं घर, नवं क्लिनिक आणि टिल्लीची नवी शाळा. टिल्ली म्हणजे आमची कन्या, वय वर्षं पाच. नव्या जागी उंदीर फार होते, त्यांचा बंदोबस्त मी आल्या आल्या केला. शाळेत प्रवेश घेताना बाईंना एक छोटीशी भेटही देऊन आलो, म्हणजे पोरीकडे जरा जास्त लक्ष राहील. मी सगळीकडे असा पुढचा विचार करणारा माणूस आहे!

काळजी एकच होती. टिल्ली मुळात मुखदुर्बळ. जुन्या शाळेतल्या मैत्रिणी सुटल्यावर तिचं बोलणं अजूनच आटलं होतं. ही नव्या शाळेत रुळणार का, कुणी हिला खेळायला घेणार का, असं मी रोज बायकोला विचारायचो. म्हणून पहिल्या दिवशी तिने घरी येऊन तोंड उघडलं तेव्हा मला केवढा आनंद झाला!

"बाबा, आज पंचरने ना..."

"कोणी?"

"पंचरने. माझ्या बाकावर बसतो तो."

"पंचर असं नाव नसतं गं बाळा. नीट ऐकलं नाहीस तू. उद्या त्याला परत विचार हं!"

दुसऱ्या दिवशी गरम नावाची मुलगी निघाली. तिसऱ्या दिवशी चमचा आणि घसरगुंडी. खरी नावं इथे देत नाही, कारण या सगळ्यांच्या आईबापांना मला रोज शाळेच्या फाटकावर तोंड दाखवायचंय. पण ती साधी, चांगल्या घरातली नावं होती. मी प्रत्येक नाव हातात घेऊन झाडून पुसून नीट करायचो. ओठ मोठे करून उच्चार दाखवायचो. टिल्ली मान हलवायची आणि खेळायला निघून जायची. एकदा तर माझीच जीभ घसरली. त्या मुलाचे वडील सायकलवरून सोडायला येतात, त्यांना मी विचारलं, "काय, पंचर ठीक ना?" बिचारे दोन्ही चाकं दाबून बघत बसले!

मग एके दिवशी जेवताना टिल्ली म्हणाली, "ई पण माझी मैत्रीण आहे."

"ई? नुसतं ई?"

"नुसतं ई नाही. ईईईईई." तिने डोळे मिटून, दात आवळून, इतक्या बारीक आवाजात ते काढलं की माझ्या हातातला चमचा ताटावर आपटला.

"कुठे बसते ही?"

"बसत नाही. ती भिंतीत राहते."

बायको हसली. ती घरीच शिवणकाम करते. तिच्या तोंडात नेहमी दोन टाचण्या असतात, त्यामुळे तिचं हसणंही बेताचंच असतं.

"दिसते कशी गं?" मी विचारलं.

"दिसत नाही. तिला तोंड पण नाही." टिल्लीने पाण्याचा घोट घेतला. "बाईंना ती ऐकू येत नाही. मोठ्यांना कुणालाच येत नाही."

एवढं बोलून तिने भाताचा पुढचा घास घेतला. मी मात्र ताट तसंच सोडून उठलो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना बाईंना गाठलं. बाई फार गोड बोलतात, पण सतत कुणाची तरी शेंबडी बोटं हातात धरून असतात. मी एकेक नाव सांगत गेलो आणि बाई बोटांवर मोजत ओळखत गेल्या. "पंचर म्हणजे तो कुरळ्या केसांचा. गरम म्हणजे ती ठेंगणी मुलगी. चमचा... हां, आला लक्षात! अहो, या वयात असंच ऐकतात सगळी. मला स्वतःला निम्मा वर्ग वेगळ्याच नावाने हाक मारतो."

"आणि ई?"

बाईंनी पुन्हा बोटं मोजली. वर्गातली सगळी मुलं एकेक करून झाली. प्रत्येकाला टिल्लीचं एकेक नाव चिकटलेलं होतं. ई एकटीच उरली.

"या नावाच्या जवळपास जाणारं कुणीच नाही हो माझ्याकडे," बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून पुढे बोलल्या, "पण एक सांगू का? परवापासून मधल्या सुट्टीत चारपाच मुलं मागच्या कपाटाला कान लावून बसतात. तुमची टिल्ली सगळ्यांत पुढे. विचारलं तर म्हणतात, ती गातेय."

"कोण?"

"ते मी विचारलं नाही," असं म्हणून बाई घाईघाईने फाटक लावायला गेल्या.

मी शास्त्र मानणारा माणूस आहे! दोष कानात असणार, कान तपासला की ही ई पळून जाणार. रविवारी क्लिनिक बंद असतं, तेव्हा निवांत तपासणी करू असं मी ठरवलं. पण रविवार यायच्या आधी एक संध्याकाळ आली.

आमच्या नव्या घरात बाजूची एक खोली टिल्लीची. तिचं दार सुताराने आखूड कापलंय, खाली दोन बोटं फट राहते. दिवेलागणीची वेळ होती. बायको समोरच्या खोलीत मशीन चालवत होती. मी टिल्लीला हाक मारायला गेलो तर दार आतून लोटलेलं. आत खेळत असेल, जरा ऐकावं म्हणून तिथेच थांबलो. पॅसेजमधला दिवा माझ्या पाठीमागे होता. मशीनची खडखड मध्येच थांबली आणि आतून टिल्लीचा आवाज आला.

ती म्हणाली, "आत येऊ नकोस हं. तिथेच थांब."

ती कुणाशी बोलत होती?

"बोलू पण नकोस. नुसतं ऐक." हळू, शांत, अगदी समजावणीचा आवाज. "मी आज रडले. शाळेतल्या मावशींनी माझं तोंड पुसलं. आईला सांगू नकोस. डब्यातलं पण मी सांडलं."

पलीकडून उत्तर नाही. टिल्ली मात्र थांबत होती, जणू कुणाचं तरी ऐकणं तिला ऐकू येत होतं. ते थांबणं मला सहन होईना. माझ्या तळपायांना गार घाम आला, मोजे ओले झाले.

आणि मग ती हसत म्हणाली, "मला तुझे पाय दिसतात!"

पाय! भिंतीत राहणाऱ्या, तोंड नसलेल्या त्या ईला पाय होते! ते पाय माझ्या पोरीच्या खोलीत होते!

"अंगठा हलला बघ," टिल्ली म्हणाली.

खरा बाप दार उघडून आत घुसला असता. मी मागच्या मागे सरकलो. इतका हळू की जमिनीलाही कळू नये. पॅसेजच्या टोकाला पोचलो तेव्हा आतून उदास आवाज आला.

"गेले."

मी तसाच बायकोपुढे जाऊन उभा राहिलो. तिने तोंडातली टाचणी काढली. "काय झालं? रंग का उडालाय चेहऱ्याचा?"

"आत कुणीतरी आहे. टिल्लीला त्याचे पाय दिसतात."

"लहान मुलं बोलतात रे एकटी. मी लहानपणी बादलीशी बोलायचे."

"बादलीला पाय नसतात!"

बायकोने यावर पुन्हा मशीन सुरू केलं. पण त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला माझे पाय आपोआप त्या दाराकडे वळायचे. टिल्ली दार लोटून घ्यायची, मी बाहेर दगडासारखा उभा राहायचो आणि आत तिचं बोलणं सुरू व्हायचं. घसरगुंडीचा पडलेला दात, गरमने दिलेला खडू, जुन्या शाळेतल्या मैत्रिणीचा चेहरा आता नीट आठवत नाही म्हणून वाटणारी भीती. यातलं एक अक्षरही तिने मला कधी सांगितलं नव्हतं. भीतीने माझी गाळण उडायची, आणि खरं सांगायचं तर त्या अदृश्य बयेचा मला हेवाही वाटायचा. माझी पोर तिच्याशी बोलत होती, माझ्याशी नाही!

रविवार आला. क्लिनिकचं शटर अर्धंच वर केलं आणि आम्ही दोघं वाकून आत गेलो. माझ्या क्लिनिकमध्ये एक साउंडप्रूफ खोली आहे. कपाटाएवढी. भिंतींना जाड स्पंज, दार लावलं की बाहेरचं जग संपलं. आत इतकी शांतता असते की माणसाला स्वतःच्या नाडीचे ठोके ऐकू येतात. धट्टीकट्टी माणसंसुद्धा आत बसली की उगाच खाकरतात.

टिल्लीला खुर्चीत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन चढवले, हातात मण्यांची वाटी आणि समोर बरणी दिली. "आवाज आला की एक मणी बरणीत टाकायचा. कितीही बारीक असो. कळलं?"

मी बाहेर येऊन काचेपलीकडे यंत्राशी बसलो. आतलं ऐकायला तिथे एक वेगळा स्पीकर आहे. आवाज दिला, मणी पडला. आवाज बारीक केला, मणी पडला. अजून बारीक, मग आणखी बारीक. पोरीचे कान म्हणजे निव्वळ सोनं! ज्या आवाजाला माझी अर्धी गिऱ्हाइकं हूं की चूं करत नाहीत, तिथे हिचा मणी खण्णकन पडत होता. मी खूश होऊन यंत्र बंद केलं आणि पेनाचं टोपण काढलं.

खण्ण!

मी वर पाहिलं. यंत्राचा दिवा विझलेला होता. टिल्ली काचेतून माझ्याकडे शांतपणे बघत होती.

खण्ण! अजून एक मणी. मग अजून एक. मी यंत्राची वायर भिंतीतून उपटली. खण्ण!

दार उघडून आत गेलो आणि तिच्या कानांवरचे हेडफोन काढले. माझ्या मागे दार आपोआप लागलं, ते नेहमीच लागतं, पण त्या दिवशी मी दचकून उडालो. "टिल्ले, बाबाने काही वाजवलं नाही. मणी का टाकतेस?"

"ई आलीय," ती कुजबुजली.

मी कान टवकारले. कानाच्या धंद्यात हयात घालवलेला माणूस मी! त्या खोलीत काहीही नव्हतं. माझी नाडी होती, टिल्लीचा श्वास होता आणि नुसती शांतता होती.

"कुठे आहे?"

तिने बोट उचललं आणि माझ्या मागे, खाली, भिंतीच्या कोपऱ्याकडे दाखवलं.

मी वळून पाहिलं नाही. का पाहिलं नाही ते विचारू नका. पोरीला काखोटीला मारलं, बरणी लाथेने उडवली आणि शटरखालून बाहेर निघालो तो कपाळावर टेंगूळ घेऊनच! मणी अजूनही सापडताहेत.

सोमवारी मी बाईंसमोर जाऊन उभा राहिलो. टेंगूळ पाहून त्यांनी मला मुलांच्या छोट्या खुर्चीत बसवलं. मी सगळं सांगितलं. बाईंनाही बहुतेक कुणाशी तरी बोलायचंच होतं. त्या म्हणाल्या, "चला, एकदाचा सोक्षमोक्ष लावू." त्यांनी टाळी वाजवली. "मुलांनो, ई कुठे आहे?"

सगळी मुलं क्षणभर थांबली, माना जराशा कलल्या आणि मग सगळ्यांचे हात एकदम वर आले. सगळी बोटं एकाच दिशेला. मागचं कपाट! बाईंनी माझा दंड घट्ट धरला. मी धीर द्यायला हवा होता, पण मी त्यांचा पदर धरला होता.

मावशींना हाक मारली. मावशी, बाई आणि मी अशा तिघांनी मिळून कपाट ओढलं. ते करकरत पुढे आलं. मी एक डोळा मिटून मागे डोकावलो.

भिंतीतल्या प्लगला एक पांढरी, साबणाएवढी डबी लावलेली होती. तिच्यावर हिरवा दिवा होता. आणि दिव्याखाली, माझ्याच अक्षरात, "सप्रेम भेट" लिहिलेला कागद चिकटवलेला होता!

"अहो, हे तर तुम्हीच दिलंत ना प्रवेशाच्या दिवशी?" बाई म्हणाल्या. "उंदीर पळवायचं?"

होय. मीच! नव्या जागेतल्या उंदरांच्या बंदोबस्तासाठी मी या डब्या आणल्या होत्या. एक घरी, एक त्या साउंडप्रूफ खोलीत, कारण उंदीर तिचा स्पंज कुरतडत होते, आणि एक उदार मनाने शाळेला. डबी म्हणे फार बारीक, वरच्या पट्टीतला आवाज काढते, तो उंदरांनाच ऐकू येतो, माणसांना नाही. माणसांना म्हणजे मोठ्या माणसांना! वय वाढलं की असे बारीक आवाज आपले कान सोडून देतात आणि लहान मुलांना ते ऐकू येत राहतात. हे मला माहीत नव्हतं का? अहो, यावर मी भाषण दिलंय!

मावशींनी डबीचं बटण बंद केलं.

"गेली..." सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

बटण चालू केलं. आम्हा तिघांना काडीचंही काही ऐकू आलं नाही.

"आली!"

पुन्हा बंद. "गेली..." पुन्हा चालू. "आली!" सगळं कळलं होतं, तरी माझ्या अंगावरचा काटा काही बसेना. शेवटी मावशींनी डबी काढून माझ्या हातात दिली आणि मुलांनी तिला हात हलवून टाटा केला. पंचर तर रडला.

"तुमच्या टिल्लीनेच शोधली हो ती," बाई म्हणाल्या. "ती काय गाते ते टिल्ली सांगायची आणि बाकीची हिच्याभोवती बसून ऐकायची. हिच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही आता."

म्हणजे मला ज्याची काळजी लागली होती ते कधीच मिटलं होतं! जाता जाता क्लिनिकमधली डबीही काढली. गेल्या आठवड्यात कॉलेजातली एक मुलगी त्या खोलीत बसून म्हणाली होती की काहीतरी किणकिणतंय. तिला मी ताण कमी घ्यायचा सल्ला दिला होता. तिला फोन करायला हवा, पण अजून धीर होत नाही.

दोन डब्या खिशात घालून मी छाती काढून घरी आलो. "भूतबित काही नाही! सगळं शास्त्र आहे!" बायकोला साद्यंत समजावलं. "आता आपल्या घरातली डबी काढली की टिल्लीचं ते संध्याकाळचं बोलणंही बंद!"

"घरातली डबी?" बायकोने दोरा दाताने तोडला. "ती तर तू आणलीस त्याच दिवशी मी काढून फडताळात टाकली. मशीनला प्लग नको का?"

माझी छाती जागच्या जागी बसली.

म्हणजे घरात ई कधीच नव्हती. मग त्या खोलीत रोज संध्याकाळी कोण होतं? पाय कुणाचे होते?

दिवेलागणी झाली होती. टिल्लीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. या वेळी मात्र मी ते ढकललं. पोर जमिनीवर पालथी पडून दाराकडेच बघत होती.

"टिल्ले," माझा आवाज चिरकला, "आपल्या घरी ई येते का गं?"

"नाही. ई शाळेत राहते. आणि तुझ्या क्लिनिकमध्ये."

"मग तू रोज इथे कुणाशी बोलतेस?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने मी नावं दुरुस्त करताना तिच्याकडे बघायचो.

"तुझ्याशी!"

"माझ्याशी?"

"दाराखालून तुझे पाय दिसतात ना. मोज्याला भोक आहे, अंगठा बाहेर येतो."

मी खाली पाहिलं. अंगठा होता बाहेर.

"मग समोर का नाही गं बोलत?"

"समोर तू नावं नीट करत बसतोस," टिल्ली म्हणाली. "मग माझी गोष्ट राहते."

दुनियेच्या कानांना यंत्रं लावत फिरणारा मी, आणि माझ्या पोरीने माझ्या फाटक्या मोज्यावर भागवलं होतं.

"मी बाहेर जाऊ का?" मी विचारलं.

"जा. दार लोट."

मी बाहेर आलो, दार लोटलं आणि फटीपाशी पाय नीट जुळवून उभा राहिलो.

"दिसले?"

"दिसले. बोलू नकोस." आत जरा हालचाल झाली. "आज ना, ई गेल्यावर पंचरने ना..."

नाव माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मी ते गिळलं. तेवढ्यात बायको कपड्यांचा ढीग घेऊन पॅसेजमध्ये आली, मला पाहून दचकली आणि ढीग तिच्या हातातून सुटला.

"अरे, दाराशी काय उभा राहतोस असा भुतासारखा!"

मी ओठांवर बोट ठेवलं. आत पंचरची गोष्ट ऐन रंगात आली होती.